चांद्याचा पाय

माझी शेवटची पोस्टिंग नाशिकला आली. ऑर्डर मिळाली तेव्हा मी उत्तरेत, डोंगरात, खेचरांच्या कंपनीत होतो. घर सटाण्याला, त्यामुळे नाशिक म्हणजे माझ्यासाठी अंगणच. कंपनीतली मंडळी म्हणाली, गाडे हवालदार आता द्राक्षं खाणार आणि पेन्शनवर जाणार. मलाही तसंच वाटलं होतं.

मुलकी माणसांना खेचरांची कंपनी म्हटलं की हसू येतं. त्यांना रणगाड्याचं, विमानाचं ऐकायचं असतं. हसा. पण जिथे गाडीरस्ता संपतो आणि हेलिकॉप्टरला उतरायला जागा नसते, तिथे वरच्या पोस्टवर रॉकेल, पीठ आणि दारूगोळा खेचराच्या पाठीवरून जातो. परतीच्या वाटेवर त्याच पाठीवरून जखमी जवान खाली येतो. कधी कापडात गुंडाळलेला जवानही येतो. नव्वदच्या दशकातली माझी वर्षं या वाटांवर गेली.

भरती झालो तो ड्रायव्हर म्हणून. खेचराचा दोर धरून चालणाऱ्यालाही आमच्याकडे ड्रायव्हरच म्हणतात. पुढे कोर्स केला आणि व्हेट ड्रेसर झालो, म्हणजे जनावरांचा कंपाउंडर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. आणि जिथे उपाय संपतो तिथे शेवटची गोळी घालायची. तेही शिकवतात. कपाळावर कुठे, बंदुकीची नळी कशी धरायची, सगळं शिकवतात.

मला ते नाईक प्रेमचंदने शिकवलं. हिमाचलचा माणूस, माझ्याहून बराच सीनियर. पुढे एका पावसाळ्यात दरड कोसळली, त्यात तो आणि त्याच्या दोराला असलेलं खेचर दोघं गेले. त्याचं म्हणणं एकच असायचं. बंदूक उचलण्याआधी हात लाव. लांबून बघून कुणालाही मारता येतं.

त्याच्या देखत मी पहिली गोळी घातली ती दरीत घसरलेल्या एका खेचराला. खांद्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. मी हात लावला, पाहिलं आणि गोळी घातली. ती गोळी बरोबर होती. त्यानंतरच्याही बरोबर होत्या. हे आधीच सांगतो, कारण पुढची गोष्ट ऐकून काही जण मला हळवा समजतात. मी हळवा नाही.

नाशिकच्या कॅम्पात मोजके घोडे होते. पहाटे तबेला, मालिश, दाणापाणी, मग परेड. दुपारी खूर तपासायचे. रविवारी सुट्टी मिळाली तर सटाण्याची एसटी पकडायची. डोंगरातून आलेल्या माणसाला हे काम म्हणजे आरामच होता.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात तो आराम संपला. वरच्या अंगाला पाऊस थांबेचना. गोदावरी पात्राबाहेर आली. मुलकी प्रशासनाने फौजेची मदत मागितली आणि सकाळच्या फॉलिनला, म्हणजे हजेरीलाच, कॉलम म्हणजे मदतीची तुकडी तयार करायचा हुकूम आला. बोटी, दोर, लाइफ जॅकेट, वायरलेस सेट, गार्डसाठी दोन रायफली. मी तबेल्याचा माणूस, पण मला मराठी येते, हा मुलूख माहीत आहे आणि पुरात जनावरंही असतात, म्हणून माझं नाव घेतलं. कॉलम कमांडर सुभेदार साहेब सांगलीकडचे होते. कंपनी कमांडर मेजर साहेब निफाडला थांबून सगळ्या बोटी हलवत होते.

आमच्या वाट्याला सायखेडा आलं. गोदाकाठचं मोठं गाव. बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी होतं. उंचावरच्या शाळेत लोक जमले होते. आम्ही दिवसभर गच्च्यांवरून माणसं उतरवली. म्हातारी माणसं, बाळंतिणी, एक आजारी शिंपी, त्याच्या हातातून शिलाई मशीन सुटेना म्हणून मशीनसकट तो.

नदीच्या अंगाला, गावाबाहेर एक वस्ती होती. तिथल्या गच्चीवर एक बाई आणि तिचा म्हातारा सासरा होते. सासऱ्याला आम्ही बोटीत घेतलं. बाई येईना. तिचं नाव सिंधूबाई बोराडे. तिशीची असेल.

"माझे मालक तिकडं गेलेत," ती म्हणाली. "ते आल्याबिगर मी येणार नाय."

मग तिने काय झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. पहाटे पाणी गोठ्यात शिरलं. तिचा नवरा लक्ष्मण बैलांचे कासरे सोडायला खाली उतरला. जोडी होती, बाळ्या आणि चांद्या. कासरे कापले, पण बाळ्या लोंढ्यात सापडला आणि तसाच वाहत गेला. चांद्याचा पुढचा पाय गोठ्यापुढच्या वाटेखालच्या मोरीच्या दोन दगडांत अडकला. बैल धडपडत होता आणि अडकलेल्या पायावरच सगळा भार येत होता. लक्ष्मणने बुडी मारली. वर आला, श्वास घेतला, पुन्हा बुडी मारली. पाय सुटला. बैल कांदे साठवायच्या चाळीकडे गेला. लक्ष्मण वर आला तो मोरीच्या पलीकडे, मुख्य धारेत. तिने त्याला हात वर केलेला पाहिलं, आणि त्यानंतर पाहिलं नाही.

मी तिला खोटं काही सांगितलं नाही. आम्ही शोधतो, एवढं म्हणालो. मग ती बोटीत बसली. बोट वळली तेव्हा तिने चाळीकडे बोट दाखवलं. पांढरा बैल, कपाळावर काळा चांद. छातीभर पाण्यात तीन पायांवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. लक्ष्मण खालच्या अंगाला बाभळींच्या जाळीत सापडला. मी आणि माझ्या सेक्शनच्या तिघांनी त्याला ताडपत्रीत घालून वर आणलं. त्याचा थोरला भाऊ रामदास आमच्याबरोबर चालत होता. घाट पाण्याखाली होता, म्हणून शाळेमागच्या माळावर त्याला अग्नी दिला. आम्ही टोप्या काढून उभे राहिलो.

त्याच्या पुढच्या सकाळी रामदास शाळेत सुभेदार साहेबांकडे आला. मी शेजारीच दोर गुंडाळत होतो. तो म्हणाला, तुमच्याकडे बंदूक आहे, एक काम करा, चाळीवरचा बैल उरकून टाका. साहेबांनी कारण विचारलं. पाय मोडलाय, चिखलात पडलाय, हाल होतायत, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "त्याच्यापायी माझा भाऊ गेला. मला तो डोळ्यासमोर नको."

सुभेदार साहेब वाईट माणूस नव्हते. पाय मोडलेल्या जनावराला काय करतात हे त्यांना फौजेत जसं दिसलं होतं तसंच ते वागत होते. शिवाय दुपारनंतर कॉलमला पुढच्या गावी जायचं होतं. त्यांनी मला बोलावलं.

"गाडे, तू हे काम केलंयस. गार्डकडून रायफल घे, दोन राउंड घे. घरच्यांची संमती आहे."

मी रायफल घेतली आणि गेलो.

चांद्या चाळीच्या जोत्याजवळ बसला होता. पोटापर्यंत चिखल, अंगावर वाळलेला गाळ. उजवा पुढचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. लांबून पाहिलं तर माझंही मत तेच झालं असतं. रायफल चाळीच्या खांबाला टेकवली, मॅगझीन काढून खिशात ठेवली आणि गुडघ्यावर बसलो.

आधी खूर चाचपला. गरम होता, म्हणजे रक्त पोचत होतं. मग पायाच्या नळीवरून बोटं फिरवली. हाड आत मोडलं होतं, हाताला करकर लागत होती, पण कातडी कुठेही फाटलेली नव्हती. बैलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि रवंथ करायला लागला.

मी तसाच बसून राहिलो. मरायला टेकलेलं जनावर रवंथ करत नाही.

तेवढ्यात सिंधूबाई चिखल तुडवत आली. मागून एक म्हातारी तिला सुतकात बाहेर पडू नये म्हणून हाका मारत होती. रामदासही आला. सिंधूबाईने खांबाला टेकवलेली रायफल पाहिली.

"मारायला आलात?"

"हुकूम तसा आहे."

"कोणी सांगितलं?"

रामदास म्हणाला, "मी सांगितलं."

ती त्याच्याकडे वळली. "भाऊजी, ह्यांनी दोनदा बुडी मारून त्याचा पाय सोडवला. मी वरून बघत होते. आता त्याला मारायचं, तर मग हे कशापायी गेले?"

"म्हणूनच," रामदास म्हणाला. चेहरा फिरवून नदीकडे बघत उभा राहिला.

मग तिने मला विचारलं. "तुमाला काय वाटतं? खरं सांगा. उगीच धीर नका देऊ."

मी खरं सांगितलं. खेचर असतं तर मी आत्तापर्यंत गोळी घातली असती. बैलाचं मला नक्की माहीत नाही. ज्याला माहीत आहे असा डॉक्टर हात लावून बघेपर्यंत मी गोळी घालणार नाही.

"आन डॉक्टर नाय म्हणला तर?"

"तर मीच घालीन. याला असा चिखलात टाकून जाणार नाही."

तिने मान हलवली. "मग चालंल. तसं झालं तर मी समोर उभी राहीन."

लोक मला विचारतात की तिथे अवघड काय होतं. तिसरा रस्ता टाळणं अवघड होतं, कारण तोच सगळ्यात सोपा होता. मारायचं पाप नको, उपचाराची कटकट नको, असं म्हणत बैलाला तिथेच ठेवायचं आणि येता-जाता हळहळायचं. पुरानंतर मी अशी कितीतरी जनावरं पाहिली. कोणी काही ठरवलं नाही, म्हणून ती मेली. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. इलाज करा नाहीतर शेवट करा, पण ठरवा.

मी शाळेत परत आलो. दोन्ही राउंड टेबलावर ठेवले.

"झालं काम?" सुभेदार साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. करणार नाही."

खोलीत वायरलेस ऑपरेटर होता, तो सेटकडे बघायला लागला.

"हुकूम आहे, गाडे."

"साहेब, बैल आता त्या बाईचा आहे आणि ती नाही म्हणते. डॉक्टरने पाहिलेला नाही. गोळी घातली की परत घेता येत नाही."

"एका बैलासाठी? पेन्शन तोंडावर आलीय तुझी."

"माहीत आहे साहेब. चार्ज लावा."

मी हे आयुष्यात पहिल्यांदा बोललो होतो. सावधानमध्ये उभा होतो, आवाज वर नव्हता. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ऑपरेटरच्या हातातून हँडसेट घेतला आणि मेजर साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या विरोधात काही जास्तीचं घातलं नाही, हेही नोंदवतो. मग हँडसेट माझ्याकडे आला.

"गाडे, ट्रीट की डिस्ट्रॉय? ओव्हर."

"ट्रीट, सर. ओव्हर."

"शुअर? ओव्हर."

"नाही सर. पण डिस्ट्रॉयबद्दलही शुअर नाही. व्हेटला बघू द्या. ओव्हर."

सेटमधून खरखर आली, मग मेजर साहेबांचा आवाज.

"व्हेटला बोटीने पाठवतो. तो म्हणेल ते फायनल. कॉलम निघेपर्यंत वेळ आहे. आउट."

डॉक्टर शेख आले ते दुपारच्या आत. मालेगावचे, निफाड तालुक्यात सरकारी दवाखान्यात होते. पूर आल्यापासून ते जनावरं बघत फिरत होते, डोळे तांबारलेले होते, गमबूट फाटला होता. त्यांनी कोणाशी बोलण्याआधी बैलाला हात लावला. माझ्यापेक्षा तिप्पट वेळ पाहिलं. दुसरे पाय, बरगड्या, डोळ्यांच्या पापण्या, सगळं.

मग ते मला म्हणाले, "तुमची घोड्या-खेचरांची सवय आहे, म्हणून सांगतो. घोडा महिना महिना तीन पायांवर काढू शकत नाही. बैल काढतो. हे नळीचं हाड आहे, कातडी शाबूत आहे. बैलात हे जुळतं."

मला हायसं वाटलं. पण ते सिंधूबाईकडे वळले तेव्हा त्यांचा सूर वेगळा होता. त्यांनी तिला सगळं तोडून सांगितलं. हाडाने नाही, पडून राहिल्याने बैल मरतो. आज उभा राहिला नाही तर उद्या उठणार नाही, आणि मग गोळीच बरी. उभा राहिला तरी दोन महिने त्याचं सगळं जागेवर करावं लागेल. पाय वाकडा जुळू शकतो. गाडीला, नांगराला तो पुन्हा लागणार नाही.

"बाई, हा बैल तुम्हाला कमवून देणार नाही. तरी करायचं?"

"तरी करायचं," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या पेटीत प्लास्टरच्या पट्ट्या होत्या, पण बैलाच्या पायाला पुरतील एवढ्या नव्हत्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि द्राक्षबागेतून वाहत आलेला जाड पाण्याचा पाइप उचलून आणायला सांगितलं. तो पायाच्या मापाने कापला, उभा चिरला. आत मऊ काहीतरी हवं होतं. मी माझं इश्यूचं, म्हणजे फौजेकडून मिळालेलं, कांबळं आणून फाडलं. सुभेदार साहेब चाळीपाशी आले होते, बाजूला उभे राहून बघत होते.

"कांबळ्याचा जाब तूच देशील," ते म्हणाले. मग म्हणाले, "चार माणसं घे. जेवणाच्या वेळेत. माझ्या वेळेत नाही."

म्हणून आम्ही जेवलो नाही. बैलाला भूल दिली. दोघांनी खांदा धरला, दोघांनी खूर ओढून धरला आणि डॉक्टरांनी हाड सरळ बसवलं. ते बसलेलं माझ्या बोटांना कळलं. कांबळ्याची घडी, त्यावर प्लास्टर, त्यावर पाइपचे दोन भाग, वरून पुन्हा पट्टी. भूल उतरेपर्यंत डॉक्टर बैलाच्या डोक्याशी बसून होते.

आता त्याला उभं करायचं होतं. डोंगरात पडलेलं खेचर उठवायला आम्ही तीन बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, उभे करून बांधतो, पोटाखालून कॅनव्हासचा पट्टा घेतो आणि दोराने उचलतो. पण बैलाचं वजन जास्त आणि इथे एकही धड बल्ली सापडेना. सगळं वाहून गेलं होतं. आम्ही चाळीचे बांबू काढायला लागलो तेव्हा ट्रॅक्टर आला. रामदास होता. ट्रॉलीत विहिरीतली मोटार वर काढायची चेनपुली होती आणि तिचे तीन लोखंडी पाइप.

त्याने ते चिखलात टाकले. "लागलं तर घ्या. मी थांबणार नाय."

पण इंजिन चालू ठेवून तो ट्रॅक्टरवरच, आमच्याकडे पाठ करून बसून राहिला.

बोटीची ताडपत्री दुहेरी करून पोटाखालून घेतली. साखळी ओढली. बैल वर आला, पण पाय खाली टेकवीना. भिजलेल्या पोत्यासारखा लोंबकळत राहिला. डॉक्टर म्हणाले खाली घ्या, नुसता लटकवून उपयोग नाही, त्याने स्वतः उभं राहायला हवं. खाली घेतला. त्याचे मागचे पाय आम्ही चोळले, जोरात, जसे थंडीत खेचरांचे चोळतो. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. एक जवान हळूच म्हणाला, हवालदार साब, नहीं होगा. मी त्याला साखळी धरायला सांगितलं.

तिसऱ्या वेळी सिंधूबाई पुढे येऊन उभी राहिली. हातात ओल्या कडब्याची पेंढी. तिने बैलाच्या कपाळाला हात लावला, चांदावर, आणि रोज गोठ्यात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "चांद्या, ऊठ. कामं पडलीत."

आम्ही ओढलं. मागचा एक पाय टेकला. मग दुसरा. डावा पुढचा पाय घसरला, पुन्हा टेकला. बैलाचं सगळं अंग थरथरत होतं. पाइपातला पाय त्याने अधांतरी धरला, आणि शेवटी त्याचं टोक चिखलाला लावलं.

"सैल करा," डॉक्टर म्हणाले. "हळू."

साखळी सैल झाली. ताडपत्री पोटापासून सुटली. तो उभा होता. सिंधूबाईने पेंढी तोंडापुढे धरली आणि त्याने खायला सुरुवात केली.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. त्या घरात सुतक होतं. ट्रॅक्टर निघून गेल्याचा आवाज तेवढा आला.

दुपार कलल्यावर कॉलम पुढच्या गावी निघाला. गाडीत सुभेदार साहेब माझ्याशेजारी बसले होते. गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "खेचर असतं तर?"

"गोळी घातली असती, साहेब."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि डोळे मिटले. माझ्यावर चार्ज लागला नाही. लागला असता तरी माझं उत्तर बदललं नसतं.

पूर ओसरल्यावर आम्ही कॅम्पात परतलो. माझ्या रविवारच्या सुट्ट्या मग सटाण्याऐवजी सायखेड्याला जायला लागल्या. घरी बायको म्हणाली, बैलाला भेटायला जाता आणि आम्हाला विसरता. तिला एकदा बरोबर नेलं. त्यानंतर जाताना ती माझ्याकडे भुईमुगाची पेंड बांधून द्यायची.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गावात चेष्टा झाली. बैलाला पाइपलाइन केली म्हणून लोक बघायला यायचे. मध्येच प्लास्टरला वास यायला लागला, बैलाने खाणं सोडलं. डॉक्टरांनी पाइपाला खिडकी कापली, आत कांबळ्याची कड घासून जखम झाली होती, त्यात किडे पडले होते. त्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, हवालदार, आता मलाही खात्री नाही. मी म्हणालो, मला पहिल्या दिवशीही नव्हती. त्यांनी जखम धुतली. पुढे ती रोज सिंधूबाईने धुतली. बैल बसला की ती त्याला ठराविक वेळाने कूस बदलायला लावायची, अंगाखाली कोरडा भुसा घालायची. शेजारणी तिला म्हणायच्या, माणूस गेला आणि तू जनावर काय कुरवाळत बसलीस. ती काम चालू ठेवायची.

दसऱ्याच्या सुमाराला प्लास्टर निघालं. पाय जुळला होता. थोडा बाहेरच्या बाजूला वाकला होता, आणि तसाच राहिला. चांद्या लंगडत गोठ्यातून बाहेर आला, अंगणात फिरला आणि मोरीच्या अलीकडे थांबला. पुढे गेला नाही. पुढची कितीतरी वर्षं तो ती मोरी ओलांडायचा नाही. सिंधूबाई त्याला लांबच्या वाटेने फिरवून न्यायची.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. गाडीला तो लागला नाही, नांगराला लागला नाही. पुढच्या हंगामात तिने एका बैलाचं हलकं कोळपं करून घेतलं आणि स्वतः त्याच्यामागे उभी राहिली. चांद्या हळू चालायचा, पण सरळ चालायचा. एक व्यापारी दोनदा दारात आला. लंगडा बैल कशाला पोसता म्हणाला. तिने त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

रामदासने त्या बैलाला कधीच हात लावला नाही. तो अंगणात आला की चांद्याकडे पाठ करून बसायचा. त्याचं मी चूक म्हणत नाही. ज्याचा भाऊ गेला त्याने कसं वागावं हे मी सांगणार नाही. त्याने त्या दिवशी चेनपुली आणली, तेवढं मला पुरेसं आहे.

मी पेन्शनवर गेलो, सटाण्याला आलो. चांद्या त्यानंतरही बरीच वर्षं जगला आणि म्हातारा होऊन मेला. सिंधूबाईने त्याला शेताच्या बांधावर पुरलं. ती मला कळवायला विसरली नाही.

आम्ही माजी सैनिक वर्षातून एकदा सटाण्यात जमतो. आधी झेंडा, मग दोन मिनिटं शांतता, मग प्रत्येक जण आपापल्या युनिटमधल्या गेलेल्या जवानांची नावं घेतो. माझ्या कंपनीची नावं मला पाठ आहेत. नाईक प्रेमचंद. शिपाई ड्रायव्हर हरनाम. शिपाई ड्रायव्हर तुकाराम. यांच्यातला एकही शत्रूच्या गोळीने गेला नाही. एक दरडीत, एक बर्फात, एक नाल्यात, आणि तिघांच्याही हातात जनावराचा दोर होता. त्यांच्या नावाने चौक नाहीत. त्यांच्यावर कोणी भाषण करत नाही.

ही तीन नावं झाली की मी चौथं घेतो. लक्ष्मण बोराडे, सायखेडा.

एका वर्षी शेजारी बसलेल्या, आमच्याच भागातल्या एका माजी सुभेदाराने मला कोपराने ढोसून अहिराणीत विचारलं. "तो कोठे फौजमा व्हता, भाऊ?"

"नव्हता," मीही अहिराणीतच म्हणालो. "माले माहीत शे."

आणि मी पुन्हा उभा राहिलो, सावधानमध्ये, आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते नाव परत घेतलं.